घरचे इंटरनेट : तार बदलायची की वेग?

सोलापूरच्या नव्या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे अजूनही पुष्कळ आढळतात. खाली कापडाचा, भांड्यांचा किंवा वह्या-पुस्तकांचा व्यवहार चाललेला असतो; वर निवृत्तिवेतनावर असलेले आजोबा, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा मुलगा, सून आणि शिकणारी नातवंडे असा संसार नांदत असतो. अशा घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. इंटरनेटची जुनी योजना तशीच चालू ठेवावी, की अधिक वेगाची नवी घ्यावी? नातवंडांना वेग हवा असतो, आजोबांना बिलाचा आकडा दिसत असतो आणि कर्त्या मुलाला दोन्ही बाजू पटत असतात. साहजिकच निर्णय पुढच्या महिन्यावर जातो. असे पुढे ढकलता ढकलता वर्षे निघून जातात आणि भिंतीवरचा जुना मोडेम आपले दिवे मिचकावीत तसाच बसून राहतो.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. दरमहा दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मध्यमवर्गीय घरात दरमहाचा कोणताही खर्च किरकोळ नसतो. असा खर्च एकदा सुरू झाला की सहसा बंद होत नाही, हे कारकून आणि शिक्षक यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शिवाय या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. घरातल्या कोणाचे काम ही गरज मानायची आणि कोणाचे काम ही चैन मानायची, हा तो प्रश्न होय. म्हणून त्याचा विचार जाहिरातीच्या भरात होऊ नये. तसाच तो निव्वळ काटकसरीच्या सवयीनेही होऊ नये.

जुन्या तारेची पुण्याई

जुन्या योजनेला धरून बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या आग्रहामागे एक इतिहास आहे. घरात दूरध्वनी यावा म्हणून या पिढीने वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवले. मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि घंटा वाजेपर्यंत जागचे हलायचे नाही, हे दिवस तिने काढले. इतक्या सायासाने आलेली तार सहजासहजी तोडावीशी वाटत नाही, यात नवल नाही.

सर्वसामान्य नागरिकांसाठी भारतात इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाची ती सेवा प्रथम महानगरांपुरती होती. दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळवायची, आणि ती मिळाली की दूरध्वनी बंद, असा तो मामला होता. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ किलोबिट एवढा किमान वेग असेल त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरवले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ‘डेटावन’ ही सेवा सुरू झाली आणि त्याच जुन्या दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले. त्या काळी महिन्याला किती माहिती उतरवून घ्यायची याला मर्यादा असे. काही योजनांत मात्र रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत वापराला मर्यादा नसे. त्यामुळे घरोघरची मुले पहाटे गजर लावून उठू लागली. आईवडिलांना वाटे, मुले अभ्यासाला लागली.

ज्या घरांनी हा काळ पाहिला त्यांना आजची जुनी योजनासुद्धा सुबत्तेची वाटते. दूरध्वनी चालतो, पत्रे जातात-येतात, बँकेची कामे होतात. मग आणखी काय हवे? आजोबांचा हा प्रश्न रास्त आहे. तो विचारल्यावाचून नवी योजना घेऊ नये. पण त्याचे उत्तर २००५ सालच्या गरजांवरून देऊन चालणार नाही, एवढेच.

कारण ब्रॉडबँड या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलत गेला आहे. २००४ साली जी किमान मर्यादा २५६ किलोबिट होती ती २०१३ साली ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिटवर गेली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तर मार्च २०२४ मध्ये आपल्याकडची किमान पातळी उतरत्या वेगासाठी १०० आणि चढत्या वेगासाठी २० मेगाबिट अशी ठरवली. दुसऱ्या बाजूने दर खाली आले. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने घरगुती प्रकाशतंतूवरील ३० मेगाबिटची जोडणी ३९९ रुपयांत, १०० मेगाबिटची ६९९ रुपयांत आणि १५० मेगाबिटची ९९९ रुपयांत देऊ केली. पुढच्याच महिन्यात भारत संचार निगमाने ३० मेगाबिटची योजना ४४९ रुपयांना आणली. हे आकडे कर वगळून आहेत. जुन्या ग्राहकाच्या दृष्टीने यातली मेख अशी की, नव्या योजना आल्या म्हणून जुनी योजना आपोआप बदलत नाही. मागितल्याखेरीज कोणीही दार ठोठावून सांगायला येत नाही की, काका, तुम्ही देता तेवढ्याच पैशांत आता दहापट वेग मिळतो. गप्प बसलेला ग्राहक जुन्या दराने जुनाच वेग विकत घेत राहतो. आपण पैसे वाचवीत आहोत असे त्याला वाटत असते, आणि पुष्कळदा तो अधिकच पैसे मोजत असतो.

दोन प्रश्नांची गल्लत

या चर्चेत नेहमी एक गल्लत होते. जोडणी बदलणे म्हणजे वेग वाढवणे, असे धरून चालले जाते. वस्तुतः हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरापर्यंत येणारी तार तांब्याची ठेवायची की काचेच्या प्रकाशतंतूची घ्यायची, हा पहिला. त्या तारेवरून किती वेग विकत घ्यायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक घरांत ‘बदलावी’ असे येईल. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांत ‘सर्वांत कमी वेगाची पुरे’ असे येईल. दोन्ही प्रश्न एकत्र केले की एक तर काहीच बदलत नाही, नाही तर नको तेवढे बदलते.

तांब्याची तार मुळात आवाज वाहून नेण्यासाठी घातली गेली. तिच्यावरून इंटरनेट नेणे ही अभियंत्यांची हुशारी होती. पण त्या हुशारीला मर्यादा होत्या. या तारेवर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो असे तंत्र सांगते. परंतु तो दूरध्वनी केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला. केंद्रापासून घर जसजसे लांब जाते तसतसा विद्युत संदेश क्षीण होत जातो आणि चार-पाच किलोमीटरवर हाती दोन-चार मेगाबिट लागले तरी पुष्कळ. त्यातच जागोजागचे जोड गंजतात, पहिल्या पावसात ओल धरतात, खांबावरच्या इतर तारांचा त्रास होतो. चढता वेग, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग, तर या तारेवर एखाद्या मेगाबिटच्या आसपास घुटमळतो.

प्रकाशतंतू ही केसाएवढी बारीक काच. तिच्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. त्यामुळे गंज, ओल आणि शेजारच्या तारांचा उपद्रव यांचे तिला भय नाही. केंद्र वीस किलोमीटरवर असले तरी वेगात जाणवण्याजोगी घट होत नाही. एका तंतूवरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती उतरते आणि ती सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तात्पर्य, प्रकाशतंतूची सर्वांत स्वस्त योजनासुद्धा तांब्याच्या चांगल्यातल्या चांगल्या योजनेपेक्षा अधिक भरवशाची असते.

सोलापूरकराला हे पाण्याच्या दाखल्याने चटकन पटेल. या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केला आहे. घरातला नळ मोठ्या तोटीचा बसवला म्हणून पाणी रोज येत नाही, आणि बारीक धारेने का होईना पण रोज ठरल्या वेळी पाणी आले तर मोठ्या टाकीची गरज उरत नाही, हे येथील गृहिणीला कोणी शिकवायला नको. इंटरनेटचेही तसेच आहे. घराला धो धो वेगापेक्षा न तुटणाऱ्या वेगाची निकड अधिक असते. तासाभराच्या परीक्षेत दोनदा तुटणारे १०० मेगाबिट हे न तुटणाऱ्या १० मेगाबिटपेक्षा कनिष्ठच.

गरजेचा हिशेब

मग घराला वेग तरी किती लागतो? जाहिरातींत १००, २००, ३०० असे आकडे झळकत असतात. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले तर चित्र निराळे दिसते. स्पष्ट, मोठ्या चित्राचा चित्रपट पाहायला सुमारे ५ मेगाबिट लागतात. अतिस्पष्ट चित्राचा मोठा दूरदर्शन संच असेल तर १५. चित्रासह चालणाऱ्या बैठकीला किंवा वर्गाला दोन्ही दिशांनी दोन ते चार मेगाबिट पुरतात. ध्वनिमुद्रित व्याख्यान दोन मेगाबिटमध्ये सुरळीत चालते. आता चौघांच्या घरात संध्याकाळी आठ वाजता दोघे दोन वेगवेगळ्या खोल्यांत चित्रपट पाहत आहेत, एकाची कचेरीची बैठक चालू आहे, एक जण व्याख्यान ऐकत आहे आणि खिशांतले फोन आपापली कामे करीत आहेत, अशी कल्पना करावी. ही सगळी बेरीज २० मेगाबिटच्या आसपास येते. म्हणजे ३० मेगाबिटच्या योजनेत हे सारे घर सुखाने बसते.

१०० मेगाबिट घेतल्याने अधिक काय मिळते? चार गिगाबाइटची एखादी मोठी फाइल ३० मेगाबिटने उतरवायला सुमारे १८ मिनिटे लागतात. १०० मेगाबिटने साडेपाच. दररोज अशा फाइलींशी काम करणाऱ्या चित्रसंकलकाला किंवा संगणक अभियंत्याला ही बचत मोलाची आहे. महिन्यातून एकदा अशी फाइल उतरवणाऱ्या घराला ती बारा मिनिटांच्या चहापलीकडे काही देत नाही. २०२० सालचेच दर धरले तर त्यासाठी दरमहा ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ३५४ रुपये, म्हणजेच वर्षाला ४,२४८ रुपये अधिक मोजावे लागतात. या रकमेत शिकणाऱ्या मुलाची वर्षाची पुस्तके येतात.

आकड्यांच्या भाषेतही काही खाचखळगे आहेत. जाहिरातीत मेगाबिट असतात आणि संगणकावर फाइली मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले तर कोणी फसवले असे समजू नये. ‘पर्यंत’ हा शब्द मात्र डोळे उघडे ठेवून वाचावा. तो वेगाची कमाल मर्यादा सांगतो, किमान नव्हे. चढता वेग जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शिक्षकांनी तर तो आवर्जून विचारावा. विद्यार्थी वर्गाला बसतो तेव्हा उतरता वेग वापरतो. शिक्षक घरून वर्ग घेतो तेव्हा त्याचा चेहरा, फळा आणि आवाज हे सारे चढत्या वेगावर अवलंबून असते. ‘सर, तुमचा आवाज तुटतोय’ ही तक्रार ऐकणाऱ्या किती शिक्षकांना ठाऊक असते की दोष चढत्या वेगाचा आहे?

‘अमर्याद’ या शब्दाचेही तसेच. ३,३०० गिगाबाइटनंतर वेग कमी होईल, अशी अट पुष्कळ योजनांत असते. या अटीने घाबरण्याचे कारण नाही. महिन्याचे ३,३०० म्हणजे दिवसाचे ११० गिगाबाइट. स्पष्ट चित्राच्या चित्रपटाला तासाला सुमारे तीन गिगाबाइट लागतात असे धरले तर रोज छत्तीस तास चित्रपट पाहिल्यावर ही मर्यादा गाठता येईल. याउलट जुन्या योजनांतील मर्यादा खरोखरच गाठली जाते आणि त्यानंतरचा वेग काम थांबवणारा असतो. अशा वेळी वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये, असा निर्देश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला होता. परंतु त्या वेगावर आज एखादा वर्गही धड चालत नाही.

दोष घरातच असेल तर?

वेग वाढवूनही समाधान होत नाही, असा अनुभव सांगणारी घरे बरीच असतात. त्यांपैकी अनेकांचा दोष रस्त्यावरच्या तारेत नसतो, घरातल्या भिंतीत असतो. सोलापूरच्या जुन्या भागातल्या माळवदी घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात. पण राउटरच्या लहरी त्यांच्यापुढे हात टेकतात. राउटर दुकानाच्या काउंटरमागे किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीने वेगाची अपेक्षा करायची, हे कसे जमावे? राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. जुना असेल तर तो केवळ एकाच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. या लहरी भिंती जरा बऱ्या ओलांडतात. पण शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच लहरींवर असल्याने दाटी होते आणि योजना १०० मेगाबिटची असली तरी हाती निम्मेदेखील येत नाहीत. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात. पण जाड भिंतीपुढे त्या लवकर थकतात. अभ्यासाच्या टेबलापर्यंत एक साधी तार ओढणे हा या सगळ्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दिसायला तेवढा देखणा नाही, म्हणून तो कोणी सुचवत नाही.

विणकरांच्या या गावात एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. सूत कच्चे असताना मागाचा वेग वाढवला तर कापड लवकर निघत नाही, धागा तुटतो. घरातली व्यवस्था कच्ची ठेवून वेगाची योजना घेणे हा त्याच जातीचा प्रकार होय.

जुन्याचे काही गुण

तांब्याची तार सोडताना तिच्या पदरातले गुणही लक्षात घेतले पाहिजेत. तिला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातून येत असे. त्यामुळे घरातले दिवे गेले तरी साधा दूरध्वनी चालत राही. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या माणसाला याचे मोल कळते. प्रकाशतंतूचे यंत्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की इंटरनेट जाते आणि त्यावरचा दूरध्वनीही जातो. ज्या घरात वृद्ध माणसे एकटी असतात तेथे राउटरपुरती छोटी बॅटरी बसवून घेणे हा नव्या जोडणीचाच खर्च समजावा.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. ०२१७ ने सुरू होणारा घरचा क्रमांक हा अनेक कुटुंबांचा दुसरा पत्ताच असतो. विम्याच्या कागदांवर, बँकेच्या नोंदींत, गावोगावच्या नातेवाइकांच्या वह्यांत तो लिहिलेला असतो. तोच क्रमांक नव्या तारेवर मिळेल काय, हे जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज देण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. आधी जुनी तोडून मग नवीची वाट पाहण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगमातून अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छेने निवृत्त झाले. शहरातल्या भूमिगत तारा कोणत्या गल्लीतून कशा जातात, हे तोंडपाठ असलेल्या माणसांची एक पिढीच एका दिवशी घरी गेली. ब्रिटनने आपले जुने दूरध्वनी जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचे ठरवले आहे. जगाची पावले त्याच दिशेने आहेत. ज्या तारेचे जाणकार आणि सुटे भाग दरवर्षी कमी होत जाणार, तिच्यावर घराचा व्यवहार किती काळ टांगून ठेवायचा, याचा विचार व्हायला हवा.

एका नव्या पेठेतून दुसऱ्या नव्या पेठेत

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. गरज कोणाची मोजायची? मोबाइलवर इंटरनेट असताना घरी वेगळी जोडणी हवीच कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. एकट्या माणसापुरते ते खरे असेल. पण कुटुंबात त्याचा अर्थ असा होतो की, वडील कामावर गेले की इंटरनेटही त्यांच्याबरोबर कामावर जाते. मागे राहते ते कोण? दुपारी घरी असणारी आई, अकरावीतली मुलगी, स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरणारा धाकटा भाऊ. ज्यांच्या हाती पैसा नाही आणि स्वतःचा चांगला फोन नाही त्यांनाच घरच्या जोडणीची निकड सर्वांत अधिक असते. आणि निर्णयाच्या वेळी त्यांनाच कोणी विचारत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा एका फोनवर दोन भावंडांचे वर्ग कसे भरले आणि त्यांत कोणाचा वर्ग आधी बुडाला, हे शिक्षकांनी जवळून पाहिले आहे.

सोलापूर जिल्ह्याला याचे महत्त्व बाहेरच्याने सांगायला नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडची सांगड घातली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार या जिल्ह्यात आला. पुस्तकाच्या पानावरचा तो चौकोन मुलाला धडा ऐकवतो आणि दाखवतो. पण घरात जोडणी असेल तरच. नसेल तर तो नुसता छापलेला चौकोन.

सोलापूरच्या नव्या पेठेतली शेकडो मुले आजवर पुण्याच्या नव्या पेठेत गेली. नाव एकच, अंतर अडीचशे किलोमीटरचे. तेथे स्पर्धापरीक्षांचे वर्ग, अभ्यासिका आणि खाणावळी यांची दाटी आहे. कॉटचे भाडे, खाणावळ, अभ्यासिकेचे शुल्क यांसाठी दरमहा हजारो रुपये पाठवणारे वडील घरच्या जोडणीच्या तीन-चारशे रुपयांवर मात्र महिनोन् महिने विचार करतात. तीच व्याख्याने आज घरी ऐकता येतात आणि त्यांना लागणारा वेग, वर पाहिल्याप्रमाणे, दोन मेगाबिटचा. अर्थात तार आली म्हणून पुण्याची वाट बंद होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सोबतीचे विद्यार्थी, चर्चा, घरापासून दूर राहण्याची शिस्त या गोष्टी तारेतून येत नाहीत. परंतु पुण्याला जाण्यापूर्वीचे पहिले वर्ष घरी काढता येते. कल आहे की नाही, हे अजमावता येते. ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठवायला तयार नसतात तिच्यासाठी तर घरच्या खोलीत न तुटणारी जोडणी हा सवलतीचा पर्याय नसून एकमेव पर्याय असतो. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या अर्जावर निर्णय देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. न्यायालयाने जे वसतिगृहाला सांगितले ते घराने आपणहून ओळखायला हरकत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

या सर्व विचाराचा व्यवहारातला निष्कर्ष अवघड नाही. घराने एक साधी वही करावी. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजून त्यात लिहावा. शक्य तर एकदा राउटरला तार लावून आणि एकदा शेवटच्या खोलीतून. उतरता आणि चढता असे दोन्ही आकडे लिहावेत. किती वेळा जोडणी तुटली आणि त्या वेळी कोणाचे कोणते काम अडले, तेही लिहावे. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात कोणाचे नाव वारंवार येते हे पाहिले की गरज कोणाची, हा वाद पुष्कळसा मिटतो.

वहीतले आकडे राउटरपाशी चांगले आणि खोलीत वाईट असतील तर योजना बदलू नये. राउटर हलवावा, जुना असेल तर बदलावा किंवा तार ओढावी. राउटरपाशीच वेग कमी असेल, चढता वेग एखाद्या मेगाबिटवर अडलेला असेल किंवा पावसाळ्यात जोडणी तुटत असेल, आणि तार तांब्याची असेल, तर ती बदलण्यात दिरंगाई करू नये. मात्र प्रकाशतंतूवरची सर्वांत कमी वेगाची योजना घेऊन तीन महिने पाहावे. तार आधीच प्रकाशतंतूची असेल आणि कामे अडत नसतील तर शेजाऱ्याने २०० घेतले म्हणून आपण घेऊ नये. वेग नंतर केव्हाही वाढवून मिळतो. मनोरंजनाच्या वाहिन्या जोडलेली महाग योजना घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी; पण तो खर्च मुलांच्या शिक्षणाच्या नावावर टाकू नये.

करार करताना कर धरून एकूण रक्कम, यंत्र कोणाच्या मालकीचे, किती महिने बांधून घेतले जाणार आणि बिघाड झाल्यास कोण येणार, एवढे प्रश्न अवश्य विचारावेत. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय २०१२ सालच्या नियमांनी केली आहे. क्रमांक नसलेली तक्रार ही नुसती कुरकुर ठरते.

काटकसर हा मध्यमवर्गाचा गुण आहे आणि तो टिकला पाहिजे. पण काटकसर म्हणजे जे आहे ते न बदलणे नव्हे. जेथे लागते तेथे द्यायचे आणि जेथे लागत नाही तेथे हात आखडायचा, हा तिचा अर्थ. जुनी तार बदलताना आजोबांना वाटणारी हुरहूर खोटी नाही, आणि नातवाची अधीरताही खोटी नाही. दोघांनी मिळून ती वही उघडावी आणि तिच्यातला शेवटचा रकाना घरातल्या ज्या माणसाने आजवर काहीच मागितले नाही त्याला भरायला सांगावा. निर्णय बहुधा तेथेच लिहिलेला सापडेल.